वजन उतरवायचे, तर बक्षीस की कपात?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



शेतकी खात्याच्या या पानावर आपण एरवी बेणे, खतांच्या मात्रा, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या अंकात उसाच्या वजनाऐवजी ऊस पिकविणाऱ्याच्या वजनाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. उसाचे वजन वाढावे म्हणून आपण जिवाचे रान करतो. ते करता करता आपलेही वजन वाढते आहे, तिकडे मात्र लक्ष नाही.

गटागटांतून फिरताना हे डोळ्यांना दिसते. नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी बटण दाबले की सुटते आणि रानात जायचे ते मोटारसायकलवर बसून. कष्टाची पद्धत बदलली. ताटातला आणि चहाच्या कपातला हिशोब मात्र बैल असतानाचाच राहिला. एका वडीलधाऱ्या सभासदांपाशी हा विषय काढला, तर ते पोटावरून हात फिरवीत म्हणाले, "साहेब, ही तर खात्यापित्या घरची खूण हाय!" मी म्हटले, "आबा, खूण खरी. पण ती आता दवाखान्यातसुद्धा ओळखतात." भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्याकडील डॉक्टर पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरवर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरवर गेला की धोक्याची सूचना समजतात. शिवणकामाची टेप घरात असतेच. ती एकदा पोटाला लावून पाहावी.

औषधपाणी हा डॉक्टरांचा विषय आहे, त्यात आम्ही शिरणार नाही. पण बक्षीस आणि कपात हा आमचा रोजचा विषय आहे. एकरी जास्त टनेज काढणाऱ्याचा सत्कार होतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटतर्फे ऊसभूषण पुरस्कार दिले जातात. उलट बाजूला जळीत उसाची कपात आहे. या दोन्हींमुळे माणूस कसा हलतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वजन उतरविण्याच्या कामात हीच दोन हत्यारे वापरता येतात का, कशी वापरावीत आणि कुठे बोथट होतात, एवढेच या लेखात पाहू.

बक्षिसाची गरज का पडते?

कमी खावे आणि चालावे हे कोणाला ठाऊक नाही? अडचण ज्ञानाची नाही, वेळेची आहे. जिलेबीची गोडी आत्ता जिभेवर लागते. गुडघा दुखायचा तो दहा वर्षांनी. पहाटेची साखरझोप आज मोडते. रक्तातली साखर आटोक्यात आल्याचा फायदा कधीतरी पुढे कळतो. लाभ लांब आणि त्रास जवळ असला की माणूस उद्यावर ढकलतो. छोटे बक्षीस किंवा छोटी कपात एवढेच करते, की दहा वर्षांनंतरच्या लाभातला एक तुकडा या शनिवारी आणून हातावर ठेवते. आता बघा, उसाचे बिल एकदाच मिळते, पण बांधणी केली की रान लगेच देखणे दिसते आणि पुढच्या कामाला हुरूप येतो. तसेच हे आहे.

प्रत्यक्ष अनुभव काय?

या विषयावर परदेशात पद्धतशीर प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७ लठ्ठ व्यक्ती घेतल्या आणि त्यांचे तीन गट पाडले. सर्वांना १६ आठवड्यांत सुमारे सव्वासात किलो उतरविण्याचे उद्दिष्ट दिले. पहिल्या गटाला नुसता सल्ला आणि महिन्याला वजन. दुसऱ्या गटाला रोजची सोडत. मात्र वजन ठरल्या रेषेखाली असेल तरच बक्षीस पदरात. तिसऱ्या गटाने स्वतःचे पैसे ठेव म्हणून ठेवले, त्यात प्रयोग करणाऱ्यांनी तेवढीच भर घातली. महिन्याचे वजन साधले तर रक्कम परत, न साधले तर गेली. ठेवीची कपात म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको!

सोळा आठवड्यांनंतर नुसत्या सल्ल्याच्या गटाचे सरासरी १.८ किलो उतरले होते. सोडतीच्या गटाचे ५.९ किलो आणि ठेवीच्या गटाचे ६.३ किलो. पैसा मध्ये आला की माणूस हलतो, हे यावरून स्पष्ट होते.

पण गोष्ट येथे संपत नाही. पैसे देणे थांबले आणि सात महिन्यांच्या टप्प्यावर पुन्हा वजने घेतली. ठेवीच्या गटाची घट २.८ किलोवर आली होती, सोडतीच्या गटाची ४.२ किलोवर, तर सल्ल्याच्या गटाची २ किलो होती. गटांमधला फरक आता खात्रीने सांगण्याइतका राहिला नव्हता. म्हणजे लागण जोरात आली आणि खोडव्याला कोणी पाहिले नाही. आपल्याकडे खोडव्याचे जे होते, तेच तेथे वजनाचे झाले. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. बक्षिसाने लागण साधते. खोडवा राखायचा असेल तर त्याची तरतूद पहिल्याच दिवशी करावी लागते.

मिळण्यापेक्षा जाणे जास्त टोचते

शंभराची नोट सापडल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत विसरतो. हरवलेली शंभराची नोट आठवडाभर आठवते. डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हा माणसाचा स्वभाव शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. पुढे २००२ साली कानेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा उपयोग चालण्याच्या कामी करून पाहिला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात जास्त वजनाच्या २८१ नोकरदारांना रोज ७,००० पावलांचे उद्दिष्ट दिले. एका गटाला उद्दिष्ट साधलेल्या दिवशी १.४० डॉलर मिळत. दुसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा धरले आणि चुकलेल्या प्रत्येक दिवशी १.४० डॉलर कापले. हिशोब केला तर दोन्हीकडे रक्कम सारखीच. पण तेरा आठवड्यांत काहीच न मिळणाऱ्यांनी १०० पैकी ३० दिवस उद्दिष्ट गाठले, रोज मिळविणाऱ्यांनी ३५ दिवस आणि कपातवाल्यांनी ४५ दिवस. एकदा 'आपले' म्हटलेले पैसे जाऊ नयेत म्हणून माणूस जास्त चालतो.

तेव्हा वजनासाठी करार करावयाचा असेल, तर "उतरल्यावर घेऊ" असे म्हणण्यापेक्षा रक्कम आधी बाजूला काढून दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि थोडी थोडी परत मिळवावी. हे जास्त लागू पडते.

दंडाचा दर होऊ देऊ नये

दंडाला एक खोड आहे. इस्रायलमधील हैफा शहरात काही पाळणाघरांत आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत. उशिरा येणाऱ्याला १० शेकेल दंड बसविला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला! आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंड सुरू झाल्यावर लोक समजले, की हा जादा वेळेचा दर आहे, दिला की झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी जुनी शिस्त परत आली नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

वजनाच्या बाबतीत असेच होते. "लग्नात जेवलो, पन्नास रुपये भरले, हिशोब मिटला" असे मन म्हणू लागले, की दंड निकामी झाला समजावा. यावर दोन उपाय आहेत. एक, चुकल्याचा दिवस वहीत आपल्याच हाताने लिहावा. पैसे भरले तरी ती नोंद राहते. दोन, कापलेली रक्कम जेथे जाईल ते ठिकाण विचारपूर्वक निवडावे. देवळाच्या पेटीत टाकली तर उलट पुण्य लागल्यासारखे वाटते. काहीजण मुद्दाम नावडत्या ठिकाणी पैसे जातील अशी अट घालतात. ज्याच्याशी बांधाचा वाद आहे, त्याला दर चुकीला शंभर रुपये नेऊन द्यायचे ठरविले, तर पहाटे पाच वाजता गजराची गरज पडणार नाही! हे थट्टेने लिहिले असले, तरी त्यातले तत्त्व खरे आहे.

काट्यावर लावावे की कामावर?

आपण खत वेळेवर घातले, नांग्या भरल्या, पाचट ठेवले. तरी एखादे वर्ष टनेज आपल्या हातात नसते. वजनाचेही तसेच आहे. आठवडाभर नीट वागूनही काटा कधी हलत नाही. पाणी, मीठ, पोट साफ नसणे, बायकांची मासिक पाळी यांनी किलो-दीड किलो इकडे तिकडे होते. नुसत्या काट्यावर बक्षीस ठेवले, तर नीट वागलेल्या माणसाला दंड बसतो आणि तो चिडून सगळेच सोडून देतो. दुसरा धोका असा, की वजनाच्या आदल्या दिवशी काही लोक पाणी बंद करतात, उपाशी राहतात. अशाने उतरते ते शरीरातले पाणी. हे चरबी उतरणे नव्हे आणि ते घातकही आहे.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांत बक्षीस कामावर लावावे. काम असे निवडावे, की झाले की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असेच यावे. "कमी खाईन" हे काम नव्हे. पुढील तीन कामे चांगली:

(१) आठवड्यातून पाच दिवस सलग अर्धा तास झपाझप चालणे. म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढे सांगतेच. उसाच्या सरीतून पाणी बघत फिरणे यात धरू नये.

(२) दिवसातून दोनच चहा, तेही एक-एक चमचा साखरेचे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे वाचून कोणी हसेल. पण हिशोब हिशोब आहे. चमचाभर साखर सुमारे ५ ग्रॅम. दोन-दोन चमच्यांचे पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजेच २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दिवसाच्या आहाराच्या दहा टक्के, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच आहे. त्याच्या निम्म्यावर राहिले तर अधिक बरे. चहातच कोटा संपला, तर सणाच्या पुरणपोळीला जागा कोठे राहिली? सवलतीची साखर अवश्य न्यावी, पण ती पुरवून वापरावी.

(३) रात्रीचे जेवण ताटात एकदाच वाढून घेणे. भाजी, आमटी, कोशिंबीर भरपूर. भाकरी किंवा भात ठरला तेवढाच. आग्रहाला नको म्हणायचे.

काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत पाहावा. कारखान्याच्या काट्यावर भरलेली गाडी आणि मोकळी गाडी दोन्ही वजने घेतात; तरच माल किती ते कळते. घरच्या काट्यालाही असाच नियम हवा.

गटाची ठेव योजना : एक नमुना

एकट्याने केलेला करार एकट्याने मोडता येतो. फिलाडेल्फियातच १०५ कर्मचाऱ्यांवर झालेला आणखी एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच-पाच जणांच्या गटाला मिळून बक्षीस दिलेल्यांचे वजन, एकेकट्याला बक्षीस दिलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोने जास्त उतरले. आपल्याकडे भिशीची सवय आहेच. त्याच धर्तीवर एक नमुना देत आहोत. आकडे आपल्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त करावेत. रक्कम टोचेल इतकी असावी, पण घरखर्चाला हात लागू नये.

(अ) पाच ते दहा जणांचा गट करावा. प्रत्येकाने ३,००० रुपये आपल्या गटाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवावेत. त्याने वही ठेवावी.

(आ) पहिले १२ आठवडे ही लागण. वरील तिन्ही कामे ठरल्याप्रमाणे झाली, तर दर शनिवारी १०० रुपये परत. झाली नाहीत, तर त्या आठवड्याचे १०० कापले. बाकी शिल्लक सुरक्षित. एका चुकीने सगळे गेले असा नियम ठेवू नये. मग पहिल्याच लग्नसराईत गट मोडतो.

(इ) पुढचे ९ महिने हा खोडवा. उरलेले १,८०० रुपये दरमहा २०० प्रमाणे परत मिळतील. अट एवढीच, की बाराव्या आठवड्याच्या वजनापेक्षा दोन किलोहून जास्त वाढ नसावी. येथे काटा लावण्यास हरकत नाही, कारण दोन किलोंची सूट दिलेली आहे.

(ई) कापलेली रक्कम गटातल्या जिंकणाऱ्यांत वाटू नये. तसे केले तर शेजारी चुकावा असे वाटू लागते आणि गटाचा अड्डा होतो. ती कोठे जाईल, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवावे.

(उ) आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त उतरविल्याबद्दल शाबासकी नाही. अर्धा ते एक किलो ही चाल पुरेशी आहे. ८० किलोच्या माणसाने पाच टक्के, म्हणजे चार किलो उतरवून टिकविले, तरी रक्तदाब व साखर यांवर चांगला परिणाम दिसतो.

खोडव्यासाठी जास्त रक्कम का राखली, असे कोणी विचारील. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमधील ५८५ पुरुषांवर झालेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाच्या नावे ४०० पौंड धरले होते. तीन महिन्यांच्या उद्दिष्टाला ५० पौंड, सहा महिन्यांच्या उद्दिष्टाला १५० आणि वर्षअखेर वजन टिकविण्याला २०० पौंड अशी विभागणी होती. जेवढे चुकेल तेवढे कापायचे. सोबत मोबाईलवर रोज संदेश. वर्षाने या गटाचे वजन सरासरी ४.८ टक्के उतरलेले होते, नुसते संदेश मिळणाऱ्यांचे २.७ टक्के आणि काहीच न मिळणाऱ्यांचे १.३ टक्के. येथे निम्मी रक्कम शेवटच्या टप्प्यासाठी राखली होती, हे ध्यानात घ्यावे.

खोडवा कसा राखावा?

खोडवा बुडख्यावर येतो आणि बुडखा मुळांवर जगतो. पैशाचे खत बंद झाल्यावर चालण्याला कोणते मूळ राहणार, हे तिसऱ्या महिन्यापासूनच पाहावे. ज्यांना चालायला सोबती मिळाला, ते चालत राहतात; न गेलो तर तो दारात हाक मारतो. ज्यांनी रानात चालत जाण्याचे ठरवून टाकले, त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही. पैशाऐवजी मानाचे बक्षीसही ठेवता येते. यंदा माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट पायी चढायचा, असे गटाने ठरविले, तर त्याची तयारी आपोआप होते आणि घाटमाथ्यावर जे वाटते ते वहीत मांडता येत नाही.

मात्र बक्षीस खाण्याचे नसावे. पाच किलो उतरले म्हणून मटणाची पार्टी, हा काढलेल्या तणाचे बी परत रानात फेकण्याचा प्रकार आहे.

हे करू नये

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रक्तातली साखर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका असतो. हृदयविकार असलेले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनी आणि वाढत्या वयाची मुले यांना या करारात घेऊ नये. उपास ही शिक्षा म्हणून वापरू नये. कोणाचे वजन फळ्यावर लिहून हसू नये. लाजलेला माणूस काट्याकडे पुन्हा फिरकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दंड ज्याचा त्याने स्वतःला लावावयाचा आहे. नवऱ्याने बायकोला किंवा सासूने सुनेला लावायचा नाही. ज्या घरात कारभारीण सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवते, तेथे तिच्या वजनाचा विचार करण्याआधी सर्वांनी बरोबर जेवायला बसण्याचा नियम करावा.

गळीत हंगाम संपून लागणीच्या मशागतीला अवकाश असतो, तो काळ या कामाला बरा. गट जमविणाऱ्या सभासदांनी गट ऑफिसात कळवावे. वहीत रकाने कसे आखावेत, हे आमचे कर्मचारी दाखवितील. आपले वजन किती, हे ते विचारणार नाहीत. एकरी टनेज वाढवायला आम्ही आहोतच. ते वाढलेले टनेज पाहायला, नातवंडांना बांधावरून फिरवायला आणि स्वतःच्या पायांनी काट्यापर्यंत यायला आपण धडधाकट राहावे, एवढीच अपेक्षा.